पथ्याचं ताट

रुग्णालयातल्या जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज एकदा कानात बसला की जात नाही. सकाळी चहा-बिस्किटं, साडेबाराला जेवण, चारला पुन्हा चहा आणि संध्याकाळी सातच्या आतच रात्रीचं जेवण. घरी नऊशिवाय पानावर न बसणारी माणसं तिथे निमूटपणे पावणेसातला चमचा हातात घेतात. ताटं दिसायला सगळी सारखीच. स्टीलची, खाचे पाडलेली, वर झाकण आणि झाकणावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर खाटेचा क्रमांक आणि दोन-तीन अक्षरं. खरी गोष्ट असते ती त्या अक्षरांत. शेजारशेजारच्या खाटांवर एकाला मीठ घातलेलं वरण येतं, दुसऱ्याला बिनमिठाचं. एकाला दुप्पट पनीर, दुसऱ्याला नुसती पेज. गोळ्यांची अशी अदलाबदल झाली तर वॉर्डात हलकल्लोळ माजेल. ताटांची झाली तर ‘चालतंय हो एक दिवस’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

आपल्याकडे ‘पथ्य’ या शब्दाला नकाराचा वास आहे. डॉक्टरांकडून उठता उठता आपण विचारतो, ‘पथ्य काय?’ आणि अपेक्षा असते ती काय काय बंद, याच्या यादीची. आंबट बंद, तेलकट बंद, वातूळ बंद. मुळात पथ्य म्हणजे वाटेला धरून असलेलं, हिताचं. म्हणजे काय खायचं ते. आयुर्वेदात शोधनानंतर रुग्णाला पुन्हा अन्नावर आणायचा एक क्रम सांगितला आहे. आधी पातळ पेया, मग दाटसर विलेपी, मग डाळीचं कढण, आणि पायरीपायरीनं नेहमीचं जेवण. संसर्जन क्रम म्हणतात त्याला. आजच्या रुग्णालयातली शिडी जवळपास हीच आहे. पहिली पायरी गाळीव पातळ पदार्थांची, ज्यात दूधसुद्धा नाही. दुसरी दूध, ताक, खीर, सूप यांची. तिसरी मऊ भात, घोटलेलं वरण, शिजवलेला दुधी यांची. चौथी साध्या जेवणाची. यातल्या पहिल्या पायरीवर ताकद देणारं जवळजवळ काहीच नसतं, म्हणून तिथे एक-दोन दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नसतं. पण कागदावर ‘लिक्विड डाएट’ लिहिलेलं बदलायला कुणाला सवड होत नाही आणि म्हातारं माणूस चार चार दिवस डाळीच्या पाण्यावर राहतं, हे मी पाहिलेलं आहे.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या उपाशीपणाचंही तसंच. ‘रात्री बारानंतर तोंडात काही नाही’ हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. शस्त्रक्रिया दुपारी दोनला असली तरी बारा म्हणजे बारा. भूलशास्त्राची आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की बहुतेक रुग्णांनी हलका आहार सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत घ्यायला हरकत नाही. अर्थात कुणाला चालेल आणि कुणाला नाही, हे भूलतज्ज्ञानं ठरवायचं. पण निदान विचारावं तरी.

रुग्णाच्या जेवणाकडे हिशेबी नजरेनं पाहणाऱ्यांत पहिलं मोठं नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपल्याला शाळेपासून माहीत असते. त्यांच्या हातात यादी आणि वहीही असायची, हे फारसं सांगितलं जात नाही. १८५४ साली क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी त्या स्कुटारीला पोचल्या तेव्हा तिथल्या गोंधळात जेवणाचा गोंधळ मोठा होता. पुढच्या वर्षी लंडनचा नामांकित बल्लव अलेक्सिस सोयर तिथे दाखल झाला आणि त्यानं रुग्णालयाचं स्वयंपाकघर नव्यानं लावलं. नाइटिंगेल यांनी १८५९ च्या अखेरीस शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं त्यात खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अन्न भरपूर असूनही रुग्ण उपाशी राहतात. कारण ते त्याला खाता येईल अशा वेळी आणि अशा रीतीनं देण्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आज दीडशेहून अधिक वर्षांनी कोणत्याही वॉर्डात उभं राहा. ताट आलं तेव्हा रुग्ण सोनोग्राफीला गेलेला असतो. परत येतो तेव्हा भात गार होऊन त्याचा गोळा झालेला असतो. ताट जसंच्या तसं परत जातं, आणि नोंदवहीत मात्र ‘आहार दिला’ असं लागतं.

पथ्याच्या इतिहासात ठाम चुकाही पुष्कळ आहेत. आपल्या आजीच्या तोंडचा ‘मुदतीचा ताप’ म्हणजे टायफॉइड. मुदत ठेवीशी आयुष्यभर संबंध आलेल्या माझ्यासारखीला त्या शब्दाची गंमत वाटायची, पण ती मुदत भयंकर होती. तीन-तीन आठवडे ताप, आणि पोटात साबुदाण्याचं पाणी, मोसंबीचा रस, पातळ दूध. यामागची भीती खोटी नव्हती. या तापात आतड्याला व्रण पडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ते फुटण्याचा धोका असतो. म्हणून वैद्यांनी आणि डॉक्टरांनीही रुग्णाला उपाशी ठेवलं. पण ताप शरीराला जाळत असतो, आणि जळणाऱ्या शरीराला सरपण न घातल्यानं माणूस स्वतःचेच स्नायू खाऊन संपायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये वॉरन कोलमन या डॉक्टरनं टायफॉइडच्या रुग्णांना दूध, साय, अंडी, साखर असा भरगच्च आहार द्यायला सुरुवात केली, आणि रुग्ण बिघडण्याऐवजी तगले. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आल्यावर तर मुदतच आखडली. आमच्याकडच्या घरांतून साबुदाण्याचं पाणी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं गेलं नाही.

अल्सरची कथा याच्या उलट. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली पोटातल्या व्रणांसाठी दर तासाला दूध-साय आणि मध्ये अल्कलीची पूड असा आहार सुचवला. तो जगभर पन्नासेक वर्षं चालला. काहींना त्यातून रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीचे त्रास झाले. मार्चएंडच्या दिवसांत आमच्या शाखेतही टेबलाटेबलावर गार दुधाचे पेले दिसायचे. ‘तिखट सोडा, दूध प्या’ हा सल्ला शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे एकमेकांना देत. मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला जंतू शोधला. बहुतेक व्रणांच्या मुळाशी तो जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे पुढे स्पष्ट झालं. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला होता. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आणि मिरची बरीचशी निर्दोष सुटली.

इन्सुलिनपूर्वीचा मधुमेहाचा आहार तर वाचवत नाही. फ्रेडरिक ॲलन या अमेरिकी डॉक्टरनं मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवायची पद्धत काढली. दुसरं काही हाती नव्हतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन घेणारा लेनर्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता आणि त्याचं वजन होतं जेमतेम एकोणतीस किलो.

आता माझ्या घरातलं सांगते. माझे थोरले दीर, आमचे भाऊजी, २०१६ साली डायलिसिसवर गेले. माळकरी माणूस. आषाढी-कार्तिकी चुकवली नाही, एकादशी मोडली नाही, चहाशिवाय व्यसन नाही. त्याआधी दोन वर्षं त्यांची किडनी हळूहळू मंदावत होती, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रथिनं कमी करा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही. जाऊबाईंनी डाळीची वाटी अर्धी केली, उसळी बंद केल्या, आणि ते व्रतासारखं पाळलं. डायलिसिस सुरू झाल्यावर उलटाच हुकूम आला. प्रथिनं वाढवा, साठ-सत्तर ग्रॅम हवीत. डायलिसिसच्या प्रत्येक फेरीत शरीरातली काही प्रथिनं निघून जातात, हे त्यामागचं कारण. ते समजावून कुणी सांगितलं नाही. घरी जाताना उपनगरातल्या त्या मोठ्या रुग्णालयानं हातात ठेवला तो झेरॉक्स काढलेला इंग्रजी कागद. त्यात ॲव्होकाडो खाऊ नये, झुकिनी बेतानं खावी, असं लिहिलेलं होतं. आमच्या जाऊबाईंनी झुकिनी जन्मात पाहिली नव्हती. शेवग्याच्या शेंगा, अळू, कोकम, चिंच, कुळीथ यांपैकी त्यात एकही नाव नव्हतं.

आणि मग शहाळं. मुंबई-पुण्यात असं रुग्णालय दाखवा, ज्याच्या फाटकासमोर शहाळेवाला नाही! आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात शहाळं किंवा मोसंबी हवी, हा आपला रिवाज. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र हे दोन्ही जपून. निकामी किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साठलं की हृदयाचा ताल बिघडतो, कधी कधी कसलीही पूर्वसूचना न देता. अशा रुग्णाला दिवसाकाठी दोन ग्रॅमच्या आसपास पोटॅशियमची मर्यादा घालतात आणि एका मोठ्या शहाळ्यात सहाशे-सातशे मिलिग्रॅम असू शकतं. गावाकडून आलेल्या एका नातेवाइकानं प्रेमानं भाऊजींना दोन शहाळी पाजली. वर खजुराचं पाकीट. त्या रात्री त्यांचे पाय जड झाले, छातीत धडधड सुरू झाली. ई.सी.जी. पाहिल्याबरोबर डॉक्टर धावले. कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, मग अवेळी डायलिसिस. वाचले. नातेवाईक बिचारे दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर बाकावर मान खाली घालून बसले होते. त्यांना काय म्हणणार?

त्या मुक्कामात एक तरुण आहारतज्ज्ञ मुलगी भेटली. सव्वीस-सत्तावीसची असेल. तिनं कागद दिलाच नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘काका, परवाच्या एकादशीला काय काय खाल्लंत ते सकाळपासून सांगा.’ भाऊजींनी सांगितलं. शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, केळं, राजगिऱ्याचा लाडू. ती ऐकत होती आणि वहीत आकडे मांडत होती. मग हसून म्हणाली, ‘काका, उपास तुमचा नाही, किडनीचा झाला. तिला श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीत.’ त्या ताटातला एकूण एक पदार्थ पोटॅशियमनं भरलेला होता, साबुदाणा सोडून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टपदार्थ, एरवी त्याला नावं ठेवतात, पण इथे तो साळसूद ठरला. तिनं एकादशी मोडायला सांगितलं नाही. साबुदाणा किंवा वरी चालेल, पण कूट नको. बटाटा हवाच असेल तर साल काढून पातळ चिरा, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात उकडा, तेही टाका, मग फोडणी. असं केल्यानं पोटॅशियम पुष्कळसं पाण्याबरोबर जातं. जाऊबाईंना हे जड गेलं. भाजीचं पाणी टाकू नये, त्यात सत्त्व असतं, असं ऐकत त्या वाढलेल्या. इथे नेमकं ते सत्त्वच नको होतं.

उपासाचं म्हणून सैंधव वापरलं तर चालतं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, तेव्हा नाही. आणि दुकानात मिळणारं ‘कमी सोडियमचं’ मीठ तर अजिबात नाही, कारण त्यात सोडियमची जागा पोटॅशियम घेतं. गंमत अशी की हेच मीठ दुसऱ्या कुणाला तारक आहे. चीनच्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. ती माणसं प्रामुख्यानं पूर्वी पक्षाघात झालेली किंवा रक्तदाब असलेली वयस्क मंडळी होती. किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना त्यातून वगळलं होतं. एकाच घरात भाऊ रक्तदाबाचा आणि बहीण डायलिसिसवर असेल तर मिठाच्या दोन बरण्या ठेवायला हव्यात आणि त्यांच्यावर नावं लिहायला हवीत.

प्रथिनांची गाठ सुटत नव्हती. सगळ्यात सोपं उत्तर होतं अंड्याचा पांढरा भाग. तिनं तो शब्द काढला, भाऊजींनी गळ्यातल्या माळेला हात लावला, आणि तिनं पुन्हा तो शब्द उच्चारला नाही. पनीर, मोजून दही, मोजून मूगडाळ आणि जेवणाबरोबर फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी, अशी जुळणी तिनं डॉक्टरांशी बोलून केली. हे अंड्याइतकं सुटसुटीत नव्हतं. पण जे ताट माणूस खाणारच नाही ते कितीही शास्त्रीय असलं तरी त्याचा उपयोग काय?

पाण्याचा हिशेब माझ्याकडे आला. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली त्यात पाचशे मिलिलिटर मिळवायचे, तेवढंच पाणी आज. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, तोंडात धरलेला बर्फाचा खडाही आला. मी त्यांना कॅशबुकासारखी वही आखून दिली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रात्री शिल्लक. भाऊजी रोज संध्याकाळी ती वही मागून घ्यायचे आणि उरलेल्या साठ-सत्तर मिलिलिटरचं काय करायचं याचा विचार करत बसायचे. बहुतेक दिवशी त्याचा चहा व्हायचा, कपाच्या तळाला जेमतेम झाकणारा. २०१९ च्या कार्तिकात ते गेले, हृदयविकारानं. त्या वहीत शेवटच्या पानापर्यंत एकही दिवस कोरा नाही.

काविळीबद्दल थोडं. कावीळ झाली की हळद बंद, हा नियम अनेक मराठी घरांत आजही आहे. डोळे पिवळे म्हणून पिवळं नको, एवढाच त्याचा आधार. फोडणी बंद, डाळ बंद, दोन महिने उकडलेल्या भाज्या आणि ऊसाचा रस. साध्या काविळीतून बहुतेक माणसं अशा जेवणावर असतानाही बरी होतात आणि श्रेय जेवणाला जातं. यकृत कायमचं निबर झालेल्या रुग्णांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अशा रुग्णाला भ्रम होऊ लागला की प्रथिनं तोडायची, ही वैद्यकातली जुनी रीत. ती आता सोडून दिलेली आहे. उलट या रुग्णांचे स्नायू झपाट्यानं झडतात, म्हणून किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं सुचवतात. रात्रभराचा उपास त्यांना परवडत नाही. खेड्यापाड्यांत, आणि शहरांतही, ‘लिव्हरचा पेशंट आहे, डाळ नको’ असं सांगणारे मात्र अजून भेटतात.

आणि ज्याच्या घरी तोडायला डाळच नाही, त्याचं काय? क्षयरोगाचं उदाहरण घ्या. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली गेली. अशा घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तांदूळ आणि तूरडाळ, बाकी एक जीवनसत्त्वाची गोळी. सरकारच्या पोषण योजनेत क्षयरुग्णाला २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. हजारांत रुग्णाचं निभेलही. पण डबा उघडला की रुग्ण एकटा जेवत नाही, आधी लेकराच्या तोंडात घास जातो, हे त्या अभ्यासानं ध्यानात घेतलं होतं. म्हणून त्यांनी सबंध घराला धान्य दिलं.

भाऊजींच्या वॉर्डाला लागूनच पक्षाघाताच्या रुग्णांचा वॉर्ड होता. तिथल्या पाच-सहा खाटांवर पाटी होती : ‘तोंडावाटे काही देऊ नये’. नातेवाइकांना सर्वांत क्रूर वाटणारी पाटी हीच. माणूस खुणेनं पाणी मागतो आणि पाणी द्यायचं नाही. पण पक्षाघातात गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर पातळ पाणी हीच सर्वांत धोक्याची वस्तू. ते झरकन श्वासनलिकेत उतरतं, कित्येकदा ठसकाही लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून आधी गिळण्याची तपासणी, तोवर नाकातली नळी, आणि मग दाट केलेले पदार्थ. पातळपणापासून घट्टपणापर्यंत शून्य ते सात अशी एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आता वापरतात आणि तिच्या चाचण्या घरगुती चमच्यानं आणि काट्यानं करता येतात. आपला लाडका पातळ वरण-भात यात नापास होतो, कारण त्यात पाणी वेगळं आणि शीत वेगळं. रुग्णाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. घोटून एकजीव केलेला गुरगुट्या भात, दाट नाचणीची खीर, घोटलेलं दही बहुधा चालतं. दाटपणा बेताचाच हवा. फार चिकट झालं तर तेही घशात बसतं.

तिथे एका खाटेपाशी नववी-दहावीतली एक मुलगी रोज शाळेच्या गणवेशातच यायची. वडील बोलू शकत नव्हते. ती डब्यातली नाचणीची खीर चमच्यात घ्यायची, चमचा आडवा करून बघायची. खीर आकार न सोडता चमच्यावरून सरकून वाटीत पडली आणि चमच्याला फारशी चिकटून राहिली नाही, की पुढचा चमचा वडिलांच्या तोंडाशी न्यायची. त्यांनी गिळलं का ते त्यांच्या गळ्याकडे पाहून ठरवायची आणि मगच वाटीत पुन्हा चमचा घालायची. वाटी संपायला पाऊण तास लागायचा. तोवर ट्रॉली रिकामी ताटं घेऊन परत गेलेली असायची.